एक गडी जास्त : हॉकीतील संख्याधिक्याची चढाई आणि तिचा सराव

हॉकीच्या सामन्यात दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात आणि सामन्याचा बहुतांश काळ ही बरोबरी टिकून राहते. तरीही चालू खेळातले बरेचसे गोल अशा वेळी होतात, की जेव्हा चेंडूच्या आसपासच्या लहानशा पट्ट्यात चढाई करणाऱ्यांची संख्या बचाव करणाऱ्यांपेक्षा निदान एकाने वाढलेली असते. या अवस्थेला संख्याधिक्य म्हणता येईल. मैदानावरच्या रोजच्या बोलण्यात तिला 'टू ऑन वन' किंवा 'थ्री ऑन टू' म्हणतात, म्हणजे दोन आघाडीपटूंसमोर एक बचावपटू, किंवा तिघांसमोर दोन. संख्याधिक्य दोन वाटांनी मिळते. एक वाट नियमांची आहे : पंचाने हिरवे कार्ड दाखवले तर आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो, पिवळ्या कार्डाला किमान पाच मिनिटे बसतो, आणि लाल कार्ड मिळाले तर उरलेला सगळा सामना त्याच्या संघाला एक गडी कमी घेऊन खेळावा लागतो. दुसरी वाट खेळातूनच निघते : चेंडूचा ताबा अचानक बदलतो, प्रतिस्पर्ध्याचे चार-पाच खेळाडू पुढे अडकून पडतात, आणि मागे उरलेल्या दोघांवर तिघे चालून जातात. पहिल्या प्रकारचे संख्याधिक्य दीर्घकाळ टिकते पण पातळ असते. दुसरे काही सेकंदांचेच असते पण दाट असते. सरावाची आखणी करताना या दोहोंची गल्लत झाली, की मेहनत पुष्कळ होते आणि फळ थोडे मिळते.

पातळ संख्याधिक्याचे अलीकडचे ठळक उदाहरण ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात दिसले. भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन या लढतीत सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि साठ मिनिटांच्या सामन्यातील उरलेली सुमारे त्रेचाळीस मिनिटे भारत दहा खेळाडूंनिशी खेळला. त्यानंतरही पहिला गोल भारताचाच झाला. हरमनप्रीत सिंगने बाविसाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर तो केला. सत्ताविसाव्या मिनिटाला ली मॉर्टनने बरोबरी साधली, पण एक गडी जास्त असूनही पुढच्या दोन्ही सत्रांत ब्रिटनला दुसरा गोल करता आला नाही, आणि शूटआउटमध्ये भारताने ४-२ असा विजय मिळवला. गोलरक्षक पी. आर. श्रीजेशच्या कर्तबगारीचे या सामन्यात जेवढे कौतुक झाले ते योग्यच होते. मात्र प्रशिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर हा सामना ब्रिटनच्या बाजूने अभ्यासण्याजोगा आहे, कारण नुसता आकडा जास्त असणे आणि तो आकडा चेंडूजवळ जास्त असणे यांतले अंतर त्यात उघडे पडले.

त्यामागचे गणित सोपे आहे. हॉकीचे मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ५,०२७ चौरस मीटरचे असते. गोलरक्षक सोडून दहा खेळाडूंनी ते सगळे सांभाळायचे म्हटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ५०३ चौरस मीटर येतात. एक गडी कमी झाला की उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी सुमारे ५५९ चौरस मीटर सांभाळावे लागतात. परंतु तेच नऊ जण आपल्या अर्ध्या भागात मागे सरकून उभे राहिले, की प्रत्येकाकडे जेमतेम २८० चौरस मीटर उरतात, आणि दहा जणांचा संघ संपूर्ण मैदान लढवणाऱ्या अकरा जणांच्या संघापेक्षा प्रत्यक्षात अधिक दाट होतो. म्हणून कार्डामुळे मिळालेला फायदा आपोआप गोलात उतरत नाही; त्याचे आधी कुठल्यातरी एका कोपऱ्यात 'थ्री ऑन टू'मध्ये रूपांतर करावे लागते. हे रूपांतर करण्याचे शिक्षण सरावातच मिळते आणि त्याची सुरुवात सर्वांत लहान घटकापासून, म्हणजे दोघांविरुद्ध एक या प्रसंगापासून व्हावी लागते.

हुबळी-धारवाड या जोडशहराच्या संदर्भात हा विषय मांडण्याला कारण आहे. हुबळीत सदर्न मराठा रेल्वेने १८८५ मध्ये उभारलेला कारखाना, त्याभोवती वाढलेल्या रेल्वे वसाहती आणि २००३ पासून येथे असलेले दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय यांमुळे रेल्वेचा आणि मैदानी खेळांचा संबंध या शहराला नवा नाही. देशातल्या अनेक गावांत हॉकी रुजली ती रेल्वे आणि लष्कर या दोन संस्थांच्या आश्रयाने. त्यांपैकी लष्कराचा वारसा धारवाडहून उत्तरेला जवळच असलेल्या बेळगावात दिसतो, जिथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तिन्ही ऑलिंपिक अंतिम सामन्यांत भारताचे गोल राखणारे शंकर लक्ष्मण याच पलटणीचे होते, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानला १-० असे हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. त्या पिढीची हॉकी गवतावरची होती, पाच आघाडीपटू, तीन हाफबॅक आणि दोन फुलबॅक अशा रचनेची होती, आणि तिला ऑफसाइडचा नियम लागू होता. प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीमागे आधीच जाऊन उभे राहण्यास मनाई करणारा हा नियम १९९६ मध्ये प्रयोग म्हणून उठवण्यात आला आणि पुढे कायमचा गेला. आजच्या संख्याधिक्याच्या चढाईचे स्वरूप त्या एका बदलाने ठरवले आहे, कारण आता जादा आघाडीपटू बाजूलाच उभा असला पाहिजे असे नाही. तो बचावपटूच्या पाठीमागे, गोलपोस्टच्या तोंडाशीही थांबू शकतो.

दोघांविरुद्ध एक हा प्रसंग वरवर पाहता सोपा वाटतो : चेंडू असलेल्याने बचावपटूला आपल्याकडे ओढायचे आणि मोकळ्या साथीदाराला पास द्यायचा. प्रत्यक्षात शालेय आणि महाविद्यालयीन सामन्यांत यातले बरेचसे प्रसंग वाया गेलेले दिसतात, आणि त्याचे कारण बहुधा पास चुकीच्या दिशेने गेला हे नसून तो चुकीच्या वेळी गेला हे असते. टॅकलसाठी पूर्ण झेपावलेल्या बचावपटूची पोच, हात आणि स्टिक धरून, साधारण दोन ते अडीच मीटर असते. चेंडू घेऊन येणारा आघाडीपटू त्याच्यापासून आठ-दहा मीटरवर असतानाच पास देऊन मोकळा झाला, तर बचावपटूला वळून साथीदाराकडे सरकायला भरपूर वेळ मिळतो आणि दोघांविरुद्ध एक या प्रसंगाचे एकाविरुद्ध एक होऊन जाते. उलट त्याने दोन मीटरच्या आत शिरून मग पास द्यायचा म्हटले, तर चेंडू स्टिकवर अडतो. तीन ते चार मीटर हे अंतर सामान्यतः योग्य ठरते, कारण तिथे बचावपटूला निर्णय घ्यावाच लागतो आणि निर्णय घेतल्यावर तो बदलता येत नाही. तोवर चेंडू घेऊन धावणाऱ्याने सरळ बचावपटूच्या अंगावर जायला हवे. बाजूला पळणे ही नवख्यांची हमखास चूक असते, कारण त्यामुळे बचावपटूला आपली जागा न सोडता दोघांवर नजर ठेवता येते.

हॉकीत डावी आणि उजवी बाजू समान नसतात. स्टिकची एकच बाजू चपटी असते, चेंडू त्याच बाजूने खेळावा लागतो आणि गोल बाजूने खेळण्यास मनाई आहे. त्यामुळे प्रत्येक खेळाडूची उजवी बाजू बळकट आणि डावी बाजू कमजोर असते; डावीकडचा चेंडू घ्यायचा तर स्टिक उलटी करून 'रिव्हर्स'ने घ्यावा लागतो. चढाई करणाऱ्याच्या उजव्या हाताला समोरच्या बचावपटूची डावी, म्हणजे कमजोर बाजू येते. म्हणून साथीदार उजवीकडे असेल तर पास बचावपटूच्या रिव्हर्सच्या बाजूने जातो आणि अडवायला कठीण जातो, मात्र देणाऱ्याला तो देताना पाय आणि खांदे वळवावे लागतात. साथीदार डावीकडे असेल तर पास देणे सोपे, पण तो नेमका बचावपटूच्या बळकट हातासमोरून जातो. या कारणाने डावीकडचा पास थोडा लवकर, किंचित पुढे आणि जोरात द्यावा लागतो, तर उजवीकडचा पास शेवटच्या क्षणापर्यंत लपवून ठेवता येतो. जो सराव दोन्ही बाजूंना सारख्याच वेळा आणि सारख्याच पद्धतीने होतो, तो हा फरक खेळाडूच्या अंगी मुरू देत नाही. डावीकडचा पास देणे सोपे असले तरी तो बचावपटूला चुकवून पोहोचवणे अवघड असल्याने त्याला सरावात जास्त वाटा मिळायला हवा.

सरावाचा पहिला प्रकार यातूनच येतो. बारा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब असा पट्टा चार शंकूंनी आखावा, एका टोकाला चेंडूसह दोन आघाडीपटू आणि मधोमध एक बचावपटू ठेवावा, आणि आघाडीपटूंनी पाच सेकंदांच्या आत पट्ट्याची शेवटची रेषा चेंडू ताब्यात ठेवून ओलांडावी एवढीच अट घालावी. प्रशिक्षकाने रेषा ओलांडली की नाही हे मोजण्यापेक्षा पास सुटला तेव्हा बचावपटू किती अंतरावर होता आणि पास मिळाल्यावर साथीदार धावतच राहिला की थांबला, या दोन गोष्टी पाहाव्यात. साथीदाराने चेंडू थांबवून मग पुन्हा धावायला सुरुवात केली, तर मिळवलेला अर्धा सेकंद तिथेच खर्ची पडतो. बचावपटूलाही या सरावात काम असते : तो मधल्या रेषेत राहून वेळ काढत असेल, पास देण्याचे सोंग पाहूनही हलत नसेल, तर आघाडीपटूने पास न देता स्वतःच चेंडू घेऊन निघून जायचे असते. संख्याधिक्यात पास देणे हे कर्तव्य नसून पर्याय आहे, ही गोष्ट अनेक सराव पद्धतींत विसरली जाते, आणि मग मुले बचावपटू समोर नसतानाही सवयीने पास देत राहतात.

दुसऱ्या प्रकारात घड्याळाची जागा माणूस घेतो, कारण सामन्यात वेळ कोणी मोजून देत नाही. मागून धावत येणारा बचावपटूच वेळ संपवतो. मध्यरेषेपासून 'डी'च्या, म्हणजे गोलसमोरच्या १४.६३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळखंडाच्या, कडेपर्यंतचे अंतर सुमारे ३१ मीटर आहे. चेंडू घेऊन सेकंदाला सहा मीटर वेगाने धावणाऱ्याला ते कापायला साधारण पाच सेकंद लागतात. चेंडूविना सेकंदाला साडेसात मीटर धावणारा बचावपटू सुरुवातीला आठ मीटर मागे असेल, तर तो या पाच सेकंदांत साडेसात मीटर भरून काढतो, म्हणजे आघाडीपटू 'डी'त पाऊल टाकतो तेव्हा तो त्याच्या खांद्याशी येऊन पोहोचलेला असतो. वाटेत एकदा चेंडू सांभाळण्यासाठी वेग कमी झाला, की तो 'डी'च्या बाहेरच गाठतो. गोल 'डी'च्या आत आघाडीपटूच्या स्पर्शानेच होऊ शकत असल्यामुळे बाहेर गाठले जाणे म्हणजे संधी गेली असेच धरावे. यातले वीस मीटर अंतर पासने कापले तर सेकंदाला पंधरा मीटर वेगाच्या चेंडूला सव्वा-दीड सेकंद लागतो आणि धावून कापले तर सव्वातीन सेकंद. पासमुळे वाचलेले हे दोन सेकंद म्हणजेच प्रतिहल्ल्याचे सगळे भांडवल. त्यामुळे या सरावात मागून येणाऱ्या बचावपटूला आधी दहा मीटर, मग आठ, मग सहा मीटर मागून सोडावे आणि आघाडीपटूंना आपोआप धावण्याऐवजी पासकडे वळू द्यावे. पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले, जो १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक खेळला, त्याच्या वेगाची आठवण अजून निघते. पण वेगवान आघाडीपटूही एकटा धावत राहिला तर त्याच्याभोवती बचावपटू जमा होतात, आणि संख्याधिक्य मग उलट बाजूचे होते.

तिघांविरुद्ध दोन या प्रसंगात एक नवा प्रश्न येतो : दोघांपैकी कोणत्या बचावपटूला बांधून ठेवायचे. चेंडू शक्यतो मधल्या आघाडीपटूकडे असावा, कारण मग दोन्ही बाजूंना पासचे पर्याय उरतात. तो कडेला गेला की कडेची रेषाच बचावपटूंच्या बाजूने खेळू लागते. मधल्याने दोन बचावपटूंमधल्या फटीकडे न जाता एकाच्या अंगावर जावे, त्याला बांधावे आणि त्याच्या बाजूच्या साथीदाराला पास द्यावा, म्हणजे पुढचा प्रसंग पुन्हा दोघांविरुद्ध एक असा होतो. फटीत शिरल्यास दोघेही एकदमच त्याच्यावर येतात, आणि बाकीचे दोघे मोकळे असूनही पास निघायला वाट राहत नाही. ऑफसाइड नसल्याने तिसरा आघाडीपटू दूरच्या पोस्टजवळ खोलवर जाऊन थांबू शकतो, आणि त्याच्यामुळे गोलरक्षकाला मधली रेषा सोडता येत नाही. हा तिसरा प्रत्यक्ष चेंडूला हातही न लावता गोलाला कारणीभूत होतो. सरावात मात्र तो हमखास कंटाळतो आणि चेंडूकडे धावत येतो. त्याला तिथे थांबवून ठेवणे हे या सरावातले सर्वांत अवघड शिकवणे आहे.

मैदानाच्या पृष्ठभागाचा विचार येथे टाळता येत नाही. धारवाडच्या पश्चिमेकडची तांबडी जमीन आणि हुबळीच्या बाजूची काळी माती यांवर तयार केलेल्या मैदानांवर, किंवा मुरूम पसरून दाबलेल्या शाळांच्या पटांगणांवर, चेंडू सिंथेटिक टर्फइतका वेगाने आणि सरळ जात नाही. टर्फवर आठ मीटरचा पास सेकंदाला बारा मीटर वेगाने गेला तर दोन तृतीयांश सेकंदात पोहोचतो. खडबडीत मुरुमावर तो आठ मीटर वेगावर आला तर एक सेकंद घेतो. बचावपटूची प्रतिक्रिया पाव सेकंदाची धरली, तर टर्फवर त्याला हलायला चाळीस-एक शतांश सेकंद मिळतो आणि मुरुमावर पाऊण सेकंद, जवळजवळ दुप्पट. म्हणून टर्फवर साथीदाराने आठ मीटर बाजूला राहावे हे योग्य असले, तरी मुरुमावर तेच अंतर पाच-सहा मीटरवर आणावे लागते, आणि त्याहून जवळ आल्यास एकच बचावपटू दोघांना सांभाळू शकतो. मुरुमावरचा हा योग्य पट्टा अरुंद असल्यामुळे तिथे शिकलेल्या खेळाडूला अंतराची जाण अधिक पक्की होण्याची शक्यता असते. पुढे टर्फवर गेल्यावर मात्र त्याला साथीदारापासून लांब राहायला नव्याने शिकवावे लागते, अन्यथा तो सवयीने जवळ येतो आणि दोघे एकाच बचावपटूच्या पोचेत सापडतात. पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान चिकट झाले की हा सराव बंद ठेवणेच बरे, कारण चेंडू रुतून थांबत असेल तर वेळेचे सगळे गणित कोलमडते आणि चुकीच्या सवयी लागतात.

या सर्व प्रकारांचा शेवट 'डी'च्या आत आणि गोलरक्षकासमोर व्हायला हवा. पट्ट्यातली रेषा ओलांडून थांबणारा सराव सुरुवातीला उपयोगी असतो, पण त्यात मुलांना पास मिळाला की काम झाले असे वाटू लागते. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो, आणि पूर्ण साहित्य घालून पुढे सरकलेला गोलरक्षक त्याचा मोठा भाग झाकतो. म्हणून संख्याधिक्यातला शेवटचा फटका बहुधा गोलरक्षकाला टाळून दूरच्या पोस्टकडे दिलेल्या पासने आणि तिथल्या साध्या स्पर्शाने संपतो. मागून पोहोचलेल्या बचावपटूने हताश होऊन स्टिक पायात घातली तर तेही लाभदायक आहे, कारण 'डी'त झालेल्या चुकीला, तसेच २३ मीटर रेषेच्या आत बचाव करणाऱ्याने हेतुपुरस्सर केलेल्या चुकीला पेनल्टी कॉर्नर मिळतो. पेनल्टी कॉर्नर हेही नियमानेच दिलेले संख्याधिक्य होय : गोलरक्षकासह पाचच बचावपटू गोलरेषेमागे असतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे थांबतात, आणि चढाई करणाऱ्यांच्या संख्येवर तशी मर्यादा नसते.

शेवटी सरावाचा मोठा प्रकार अकराविरुद्ध दहाचा असतो. प्रशिक्षकाने आपापसातल्या सामन्यात मध्येच एकाला हिरवे कार्ड दाखवून दोन मिनिटे बाहेर बसवावे आणि समोरच्या अकरा जणांच्या संघाला त्या दोन मिनिटांत गोल किंवा पेनल्टी कॉर्नर मिळवण्याचे लक्ष्य द्यावे. अशा वेळी अकरा जणांच्या संघाला घाईने पुढे धावण्याचा मोह होतो, आणि मागे सरकून दाट झालेल्या दहा जणांच्या भिंतीवर चेंडू आदळत राहतो. उत्तर आहे ते चेंडू मागच्या फळीतून एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे वेगाने फिरवण्यात. दहा जणांना प्रत्येक वेळी सरकावे लागते, सरकताना एखादा उशीर करतो, आणि त्या उशीर झालेल्या बाजूला क्षणभर तिघांविरुद्ध दोन तयार होतात. तिथून पुढे सगळे लहान पट्ट्यात शिकलेलेच कामाला येते. त्याच सरावात दहा जणांच्या संघालाही काय सोडायचे आणि काय सांभाळायचे हे शिकता येते, आणि पॅरिसच्या सामन्याने दाखवल्याप्रमाणे तेही शिकणे कमी महत्त्वाचे नाही. लाल कार्डामुळे निलंबित झालेला रोहिदास नसताना उपांत्य सामन्यात जर्मनीने भारताला ३-२ असे हरवले, आणि पुढे भारताने स्पेनला २-१ असे हरवून कांस्यपदक मिळवले.

हुबळी-धारवाडच्या ज्या शाळांना आणि महाविद्यालयांना टर्फ उपलब्ध नाही, त्यांच्या प्रशिक्षकांनी यांपैकी निदान पहिले दोन प्रकार आठवड्यातून एका सत्रात ठेवावेत आणि प्रत्येक वेळी पास सुटतानाचे अंतर वहीत नोंदवावे. त्यासाठी चार शंकू, पाच-सहा चेंडू, एक घड्याळ आणि दगडगोटे वेचून साफ केलेला वीस मीटरचा पट्टा एवढेच साहित्य लागते.